चिप्सच्या रिकाम्या पाकिटाचं पुढे काय होतं? – पुनर्चक्रीकरणाला कठीण प्लास्टिक आणि नवं तंत्रज्ञान



खडकवासल्यात राहणाऱ्याला रविवार कॅलेंडरमध्ये बघावा लागत नाही. सिंहगडावरून उतरणाऱ्या गाड्या आणि धरणाच्या चौपाटीवर जाणाऱ्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात. भाजलेलं कणीस, कांदाभजी, चहा, सगळं जोरात असतं. आणि सोमवारी सकाळी आम्ही शाळेकडे निघतो तेव्हा रविवारचा उरलेला भाग रस्त्याच्या कडेला पडलेला असतो. कणसाची बुरकुंडं गुरं खातात. पाण्याच्या बाटल्या कुणीतरी उचलून नेतं. चिप्सची आणि कुरकुऱ्यांची चमकणारी पाकिटं मात्र तिथेच राहतात, आणि वारा सुटला की पाण्यात जातात. हेच पाणी पुढे पुणेकर पितात.

एका शनिवारी सातवीच्या वर्गाला घेऊन आम्ही पाण्याच्या काठाची सफाई केली. हातमोजे घातले, पोती घेतली आणि तीन ढीग केले : बाटल्या, दुधाच्या पिशव्या, आणि खाऊची पाकिटं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला. तेवढ्यात आमच्या भागात कचरा वेचणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांनी बाटल्यांचं पोतं घेतलं, दुधाच्या पिशव्या घेतल्या. पाकिटांच्या पोत्याकडे पाहून म्हणाल्या, "बाई, हे ठेवा तुमच्याकडंच. हे कोण घेत नाही. भंगारवाला वजनकाट्यावर ठेवूच देत नाही."

वर्गातली एक मुलगी लगेच म्हणाली, "पण बाई, तुम्ही तर शिकवलंत की प्लास्टिकचा पुनर्वापर होतो!"

मी गप्प झाले. तिने पेपरात तेच लिहिलं होतं आणि मी त्याला पूर्ण गुण दिले होते. आता समोर पोतं होतं आणि उत्तर चुकलं होतं. चूक तिची नव्हती, माझी होती.

आजचा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. परिसर अभ्यास किंवा विज्ञान शिकवताना तुम्हालाही हा प्रश्न कधीतरी येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ या

आपण बोलताना 'पुनर्वापर' हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुनर्वापर म्हणजे वस्तू आहे तशीच पुन्हा वापरणे. श्रीखंडाच्या डब्यात आई मोहरी भरते, हा पुनर्वापर.

पुनर्चक्रीकरण म्हणजे वस्तू मोडून तिच्यातला पदार्थ परत मिळवणे आणि त्यापासून नवी वस्तू करणे. जुन्या बाटल्यांपासून धागा आणि धाग्यापासून टी-शर्ट, हे पुनर्चक्रीकरण.

पुनर्वापर घरात होतो. पुनर्चक्रीकरणाला कारखाना लागतो, आणि कारखान्याला एकसारखा, स्वच्छ माल लागतो. खाऊच्या पाकिटाची गाडी नेमकी इथे अडते.

सोपं प्लास्टिक आणि कठीण प्लास्टिक

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी एक त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ मधला एक आकडा. मुलांना तो शोधायला सांगा, त्यांना फार आवडतं. १ म्हणजे पेट, म्हणजे पाण्याची बाटली. २ म्हणजे जाड पॉलिथिन, शाम्पूची बाटली किंवा कॅन. ३ म्हणजे पीव्हीसी, नळाचे पाइप. ४ म्हणजे पातळ पॉलिथिन. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जेवणाचे डबे आणि झाकणं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्याचाच. आणि ७ म्हणजे 'इतर'. वर्गातल्या उडाणटप्पू मुलांची वेगळी यादी असते ना, तसा हा सात नंबर! ज्याचा कुठेच मेळ बसत नाही ते सगळं यात.

बाटली सोपी आहे, कारण ती एकाच पदार्थाची असते. दुधाची पिशवी पॉलिथिनचीच असते, म्हणून भंगारात तिला भाव मिळतो. कठीण प्लास्टिकचे मुख्य प्रकार असे :

एक, अनेक थरांची पाकिटं. चिप्स, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, मसाल्याची पाकिटं.

दोन, फार हलकं किंवा फार मळकं प्लास्टिक. थर्माकोल, तेलकट पिशव्या. वजन नाही, म्हणून भाव नाही.

तीन, काळं प्लास्टिक. हॉटेलातून जेवण येतं ते काळे डबे. याचं कारण पुढे सांगते.

चार, न वितळणारं प्लास्टिक. कुकरच्या दांड्याचं बेकलाइट, मेलामाइनच्या ताटल्या. हे मुलांना स्वयंपाकघरातून समजवा : तूप थिजलं तरी पुन्हा वितळतं, पण भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. बाटली तुपासारखी आहे, कुकरचं हँडल भाकरीसारखं.

पाकिटाच्या पोटात काय दडलंय?

चिप्सचं पाकीट आपल्याला एक कागद वाटतो. प्रत्यक्षात ते एकमेकांना चिकटवलेले थर असतात. बाहेरचा थर छपाई धरून ठेवतो. मधे चमकणारा ॲल्युमिनियमचा थर असतो आणि तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. आतला थर गरम केल्यावर चिकटतो, म्हणजे पाकीट बंद करता येतं. हे थर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिन किंवा पेटचे असतात. कोणत्या पाकिटात कोणते, हे त्या त्या मालावर ठरतं.

इतका खटाटोप कशासाठी? हवा, ओल आणि उजेड आत शिरला की चिप्स सादळतात आणि तेल खवट होतं. थर असल्यामुळे माल महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे पाकीट मूर्खपणाने केलेलं नाही. ते आपलं काम चोख करतं. ते करताना पाकीट संपल्यावर त्याचं काय करायचं याचा विचार मात्र झाला नाही.

आता सगळं एकत्र वितळवलं तर? पॉलिथिन साधारण ११० ते १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास, आणि पेटला तर २५० अंश लागतात. पेट वितळेपर्यंत पॉलिथिन बिघडायला लागतं. शिवाय वितळल्यावरही ते एकमेकांत मिसळत नाहीत, तेल आणि पाण्यासारखे वेगळेच राहतात. त्यातून जी वस्तू होते ती ठिसूळ होते. म्हणून कारखाना पाकीट घेत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही, म्हणून मावशी घेत नाहीत. मावशींचं "हे कोण घेत नाही" हे वाक्य म्हणजे सगळं रसायनशास्त्र आहे.

नवं तंत्रज्ञान काय म्हणतं?

यावर जगात काम चालू आहे, आणि आपल्या पुण्यातही चालू आहे. मी ते पाच वाटांमध्ये मांडते. प्रत्येक वाटेची मर्यादाही सांगते, कारण वर्गात फक्त कौतुक सांगितलं तर आपण पुन्हा तीच चूक करू.

वाट १ : उजेडाने ओळखणं

कचरा वेगळा केल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. मोठ्या केंद्रांमध्ये पट्ट्यावरून प्लास्टिक सरकत जातं आणि वरून अवरक्त किरण सोडतात. हे किरण आपल्याला दिसत नाहीत. प्रत्येक प्लास्टिक ते वेगळ्या प्रकारे परत पाठवतं, जणू प्रत्येकाची आपली सही. यंत्र सही ओळखतं आणि हवेच्या फुंकरीने तो तुकडा योग्य खोक्यात उडवतं.

मर्यादा : काळ्या डब्यात काजळीसारखा कार्बनचा रंग असतो. तो किरण गिळून टाकतो, सही परत येतच नाही. म्हणून काळं प्लास्टिक यंत्राला 'दिसत' नाही. आणि थरांच्या पाकिटाच्या बाबतीत यंत्र फार तर 'हे मिश्र आहे' एवढंच सांगतं, थर सुटे करून देत नाही.

वाट २ : न वितळवता विणणं

थर सुटत नाहीत ना, मग सोडवायचेच कशाला? पुण्यात अमिता देशपांडे यांची रिचरखा आणि नंदन भट यांची इकोकारी या संस्था पाकिटं आणि पिशव्या धुऊन, वाळवून, त्यांच्या लांब पट्ट्या कापतात. त्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर त्यांचं कापड विणतात. त्यातून पिशव्या, पाकिटं, बॅगा होतात. यात उष्णता नाही, रसायन नाही, आणि गावाकडच्या व गरजू घरातल्या बायकांना काम मिळतं. नव्या प्रश्नाला आपला जुना चरखा उपयोगी पडला, ही गोष्ट मुलांना लगेच भिडते.

मर्यादा : हाताचं काम आहे, त्यामुळे गावभरचा कचरा यातून संपणार नाही. पाकीट फाटकं, तेलकट असेल तर पट्टी निघत नाही. आणि ही बॅग जुनी झाली की थर तसेच आहेत, प्रश्न पुढे ढकलला गेला एवढंच. पण पाकीट काही वर्षं धरणाबाहेर राहिलं, हेही थोडं नाही.

वाट ३ : थर सोडवणं

हा खरा कळीचा मुद्दा. सहावी-सातवीत आपण मिश्रण वेगळं करायला शिकवतो, आठवा : लोखंडाचा कीस, मीठ आणि वाळू एकत्र दिली. लोहचुंबकाने कीस काढला, पाण्यात मीठ विरघळवलं, गाळून वाळू वेगळी केली. पाकिटाचंही हेच करायचं आहे. फक्त पाण्याऐवजी असं द्रावण हवं जे एकाच थराला विरघळवेल आणि बाकीच्यांना हात लावणार नाही.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच करून दाखवलं. एकामागून एक वेगळी द्रावणं वापरून त्यांनी बहुथरी फिल्ममधले प्लास्टिक वेगवेगळे परत मिळवले. त्याआधी युनिलिव्हर कंपनीने जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेबरोबर शाम्पूच्या पुड्यांमधून पॉलिथिन काढण्याचं तंत्र २०१७ मध्ये जाहीर केलं होतं आणि त्यासाठी इंडोनेशियात प्रायोगिक प्रकल्प उभारला.

आणि पुण्यात? अनिश मालपाणी यांच्या अशाया या कंपनीने चिप्सच्या पाकिटांवर काम केलं. रसायन आणि यंत्र या दोन्हींचा वापर करून पाकिटातून पुन्हा वापरता येईल असा पदार्थ काढला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत त्यापासून केलेले गॉगल बाजारात आणले. त्या ब्रँडचं नाव 'विदाउट'. मला यातली आवडलेली गोष्ट अशी, की कचरा वेचणाऱ्यांना त्यांनी या कामात सोबत घेतलं आहे. ज्या पाकिटाला वजनकाट्यावर जागा नव्हती, त्याचा गॉगल होऊ शकतो, हे आमच्या वर्गाला सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलांनीही माना वर केल्या.

मर्यादा : द्रावण पुन्हा पुन्हा वापरात आणावं लागतं, नाहीतर तोच नवा कचरा. खर्च जास्त आहे. आणि माल बऱ्यापैकी स्वच्छ लागतो.

सोप्या थरांचं एक उदाहरणही मुलांना द्या. फ्रूटीसारख्या ज्यूसच्या खोक्यात मुख्यतः कागद असतो, जोडीला पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम. पाण्यात घुसळलं की कागदाचा लगदा सुटतो. उरलेल्या भागाचे दाबून पत्रे करतात. मुंबईत अशी रिकामी खोकी गोळा करून त्यांच्यापासून शाळांसाठी बाक तयार केले गेले आहेत. कदाचित कुठल्या तरी वर्गात एखादा मुलगा ज्यूसच्या खोक्यांवर बसून हाच धडा शिकत असेल!

वाट ४ : तेल करणं

प्लास्टिक मुळात खनिज तेलापासूनच येतं. मग ते परत तेलाकडे का नेऊ नये? बंद भांड्यात, हवा आत येऊ न देता, प्लास्टिक साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवतात. हवा नसल्यामुळे ते जळत नाही, त्याच्या लांब साखळ्या तुटतात, वाफ होते, आणि वाफ थंड केली की तेल मिळतं. याला ताप-अपघटन म्हणतात, इंग्रजीतला शब्द पायरोलिसिस. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतारे यांनी घरच्या प्रेशर कुकरपासून प्रयोगाला सुरुवात केली आणि रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन या नावाने जेजुरीला प्रकल्प उभा केला. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांनी त्यांच्यासाठी घरोघरचं प्लास्टिक साठवून दिलं आहे.

(पालकहो, मुलांना आधीच बजावून ठेवा. कुकरचा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही!)

मर्यादा : पीव्हीसी आत गेलं तर आम्लाची वाफ होते, यंत्रही खराब आणि हवाही. म्हणून निवडून घ्यावंच लागतं. आणि मिळालेलं तेल इंधन म्हणून जाळलं तर प्लास्टिक परत प्लास्टिक झालं नाही, धूर झाला. त्यामुळे काही तज्ज्ञ याला पुनर्चक्रीकरण म्हणायला तयार नाहीत. सिमेंटच्या भट्टीत प्लास्टिक जाळतात त्यालाही हेच लागू. कचरा कमी होतो, कोळसा थोडा वाचतो, पण चक्र पूर्ण होत नाही.

वाट ५ : रस्ता आणि जीवाणू

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लास्टिकचा चुरा गरम खडीवर पसरवला. तो वितळून खडीला चिकटला आणि वर डांबर घातल्यावर पकड घट्ट झाली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चिप्सची पाकिटंसुद्धा अशा रस्त्यात वापरता येतात. मर्यादा एवढीच, की रस्त्यात गेलेलं प्लास्टिक पुन्हा हाती येत नाही.

आणि दुसरी बातमी मुलांना गोष्टीसारखी वाटते. २०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी साकाई शहरातल्या बाटल्या-पुनर्चक्रीकरणाच्या जागेजवळ एक जीवाणू शोधला जो पेट प्लास्टिक खातो! त्याच्या विकरांवर आता जगभर काम चालू आहे. पण 'प्लास्टिक खाणारा किडा सापडला, आता चिंता मिटली' असं फॉरवर्ड आलं तर थांबा. तो पेट खातो. चिप्सच्या पाकिटातलं पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन त्याच्या ताटातलं नाही.

मग मुलांना खरं काय सांगायचं?

पाचही वाटा पुन्हा वाचून बघा. एक गोष्ट प्रत्येकीत आहे : प्लास्टिक वेगळं आणि स्वच्छ हवं. चरख्याला धुतलेलं पाकीट लागतं, द्रावणाला तेल नसलेलं पाकीट लागतं, तेलाच्या भट्टीला पीव्हीसी नसलेला माल लागतो. भाजीच्या देठांत आणि शिळ्या वरणात भिजलेलं पाकीट कुठलंही यंत्र आनंदाने घेत नाही. म्हणजे तंत्रज्ञानाची पहिली पायरी कारखान्यात नसते. ती आपल्या ओट्याशेजारी असते, आणि दुसरी पायरी कचरा वेचणाऱ्या हातांत.

या हातांची पुण्यात मोठी परंपरा आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यातूनच पुढे कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. खडकवासला २०२१ मध्ये आजूबाजूच्या गावांबरोबर महापालिकेत आलं. गावात होता तेव्हा कचरा कुठेतरी मागे जात होता. शहरात आल्यावर तो 'कुठेतरी' म्हणजे नक्की कुठे, हे विचारायला हवं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला टाकला गेला आणि तिथल्या गावकऱ्यांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली. आपलं पाकीट दुसऱ्याच्या विहिरीशेजारी जाऊन पडतं, हेही धड्यात यायला हवं.

आणखी एक. फक्त मुलांवर आणि पालकांवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदी आली, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. स्ट्रॉ गेले, प्लास्टिकच्या ताटल्या गेल्या. चिप्सची पाकिटं मात्र या बंदीत नव्हती, ती दुकानात आहेतच. पण १६ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारने उत्पादकाच्या वाढीव जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात बहुथरी पाकिटांचा वेगळा वर्ग केला आहे. साध्या भाषेत : ज्याने पाकीट बाजारात आणलं, त्याचं पुढे काय होतं हे पाहणं त्याचंही काम आहे. काही कंपन्या आता पाकिटाचे सगळे थर एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे करण्याचा प्रयत्न करतात. मला विचाराल तर सगळ्या यंत्रांपेक्षा ही सुधारणा मोठी. मुळात गुंता केलाच नाही तर सोडवावा लागत नाही.

वर्गात करून पाहा

१) तरंगतं की बुडतं? (विज्ञान) बाटलीचा आणि तिच्या झाकणाचा एकेक छोटा तुकडा पाण्यात टाका. बोटाने दाबून बुडबुडे काढा. बाटलीचा तुकडा बुडतो, झाकणाचा तरंगतो. बाटल्यांच्या कारखान्यात खरंच अशीच विभागणी करतात. आता वेगवेगळ्या पाकिटांचे तुकडे टाका. काही तरंगतील, काही बुडतील. का, यावर चर्चा करा. थरांचा मुद्दा मुलं स्वतः शोधतात.

२) उजेडाची परीक्षा. पाकीट उलटं करून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. बऱ्याच चमकणाऱ्या पाकिटांतून अंधुक उजेड दिसतो, इतका तो धातूचा थर पातळ असतो. शेजारी गोळ्यांच्या पाकिटामागची ॲल्युमिनियमची पट्टी धरून फरक पाहा.

३) आठवड्याची नोंद (गणित). प्रत्येक मुलाने घरातली प्लास्टिकची पाकिटं आठवडाभर मोजायची. एकाच पदार्थाचं, अनेक थरांचं, ओळखता न आलेलं असे तीन रकाने. शेवटी स्तंभालेख. यात कोणाच्या घरात जास्त खाऊ येतो यावरून चेष्टा होणार नाही, याची काळजी आपण घ्यायची. नावं न लिहिता सगळ्या वर्गाची एकत्र बेरीज करा.

४) पत्रलेखन (मराठी). औपचारिक पत्राचा सराव आपण दरवर्षी 'पुस्तकं मागवा' यावरच घेतो. यंदा पाकिटावर छापलेल्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर पत्र लिहू द्या : 'आपल्या पाकिटात कोणते थर आहेत? रिकामं पाकीट आम्ही कुठे द्यायचं?' आणि पत्र खरोखर पोस्टात टाका. उत्तर आलं तर वर्गात वाचा. नाही आलं तर दुसरं पत्र. हाही एक धडाच.

५) मुलाखत (परिसर अभ्यास). आपल्या भागात कचरा वेचणाऱ्या ताईंना किंवा काकांना वर्गात बोलवा. कोणती वस्तू विकली जाते, कोणती नाही, हात कशाने कापतात, हे त्यांनाच विचारा. त्या दिवशी खुर्चीवर त्या बसतील, आपण मुलांबरोबर खाली बसू.

सूचना : कोणताही प्रयोग करताना प्लास्टिक जाळायचं किंवा वितळवायचं नाही. धूर विषारी असतो.

पालकांसाठी दोन शब्द

घरात तिसरी पिशवी लावा. ओला कचरा, सुका कचरा, आणि एक पिशवी फक्त पाकिटांची. पाकीट संपलं की कात्रीने उभं कापा, भांडी धुतलेल्या उरल्यासुरल्या पाण्यात विसळा आणि दोरीवर वाळवा. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, पाकिटालाच लटकू द्या. तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी भरली की प्लास्टिक गोळा करणारी जवळची संस्था किंवा मोहीम शोधून तिथे द्या.

आणि शाळेच्या डब्याचं बोलायचं तर, आठवड्यातून दोन दिवस पाकिटाऐवजी चुरमुऱ्याचा चिवडा, शेंगदाण्याचा लाडू, चिक्की. पाकीट आलंच नाही तर पाचही वाटांपेक्षा ती वाट जवळची. मुलांना खाऊच बंद करू नका हं, ती शाळेबाहेर खातील आणि पाकीट धरणात जाईल!

शेवटी

त्या पोत्याचं काय झालं? ते आम्ही शाळेत आणलं. पुढच्या दोन शनिवारी मुलांनी पाकिटं धुतली, वर्गाच्या खिडकीत वाळत घातली. सगळी धुऊन निघाली नाहीत. काही इतकी चिखलाने माखलेली होती, इतकी जीर्ण झाली होती की हातातच तुकडे पडले. ती शेवटी सुक्या कचऱ्यातच गेली. हे मी मुलांपासून लपवलं नाही. काठावर उन्हात पडून राहिलेलं पाकीट असंच तुटत जातं, आणि त्याचे बारीक कण पाण्यात जातात, हे त्यांनी हाताने पाहिलं. चांगली निघालेली पाकिटं आम्ही प्लास्टिक गोळा करण्याच्या एका मोहिमेत दिली.

नंतर मी त्या मुलीला वर्गासमोर उभं केलं आणि म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर अर्धं होतं. प्लास्टिकचं पुनर्चक्रीकरण होतं, असं आता लिहू नकोस. कोणत्या प्लास्टिकचं, कोण करतं, आणि त्यासाठी आधी कोणी काय करावं लागतं, ते लिही."

सहामाहीच्या पेपरात हाच प्रश्न पुन्हा ठेवला. तिचं उत्तर दीड पान झालं. शेवटच्या ओळीत तिने लिहिलं होतं की पाकीट धुवायला दोन मिनिटं लागतात, तिने घड्याळ लावून मोजलं आहे.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात काय अनुभव येतो, ते जरूर कळवा. उपक्रमांत काही भर घालावीशी वाटली तर तीही सांगा. पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा धरणाच्या काठावर जाणार आहोत. या वेळी पोती चार असतील.